दहा घरांची कोकरं

तीर्थपुरीहून पायी तासाभरावर, एका कोरड्या ओढ्याच्या काठी आमचं घर होतं. गावापासून थोडं बाजूला, एकटंच. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, पुढं सारवलेलं अंगण, आणि अंगणाला लागून बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्यांनी घेरलेलं मेंढ्यांचं वाडगं. पणजोबांपर्यंत आमची माणसं मेंढ्या घेऊन गावोगाव फिरायची. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ओढ्याकाठची थोडी जमीन धरली आणि चूल एका जागी मांडली. मेंढ्या मात्र सोडल्या नाहीत. जमिनीनं पोट भरतं, पण घर भरल्यासारखं मेंढ्यांनीच वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं हे मला फार वाईट रीतीनं कळलं.

घर भरायचं ते संध्याकाळी. सकाळी मेंढ्या रानात गेल्या की त्यांची कोकरं दिवसभर वाडग्यातच असायची. दिवस मावळायला लागला की ओढ्याच्या उतारावर आधी धूळ दिसायची, मग पुढच्या मेंढीच्या गळ्यातली घंटी ऐकू यायची, आणि ती ऐकली की कोकरं कान फाटेस्तोवर ओरडायला लागायची. खालून मेंढ्या ओरडायच्या, वरून कोकरं. वाडग्याचं फाटक उघडलं की जो गोंधळ उडायचा, तो पाहणाऱ्याला वाटावं, आता यांची काही गाठ पडत नाही. पण प्रत्येक मेंढी वास घेत घेत बरोबर आपल्याच कोकराशी जायची. थोड्या वेळात सगळं गप्प व्हायचं आणि दूध ओढल्याचा चुटचुट आवाज तेवढा राहायचा. माय तेव्हाच चूल पेटवायची. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, तव्यावर भाजून पाट्यावर रगडलेल्या मिरच्यांचा ठेचा. आज माझी सून चार भाज्या करते आणि चांगल्या करते, पण संध्याकाळी भाकरी थापल्याचा आवाज आला की माझा कान अजून अंगणाकडं जातो.

घरात आम्ही पाच जण. आबा सत्तरीच्या पुढचे, वाळलेले, डोळ्यांनी तरणे. दादा, म्हणजे माझे वडील, उंच, अंगानं भरलेले, आणि दिवसाकाठी मोजून दहा वाक्यं बोलणारे. माय त्यांच्या वाटणीचंही बोलायची. माणूस नसलं तर चुलीशी, पीठ चिकटलं तर परातीशी. माझा भाऊ रंगा पाच वर्षांचा. आणि मी, गोदावरी. सगळे गोदाच म्हणायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि आबांच्या मागं मागं मी मेंढ्यांमागं जायला लागले. मला ते आवडायचं. छत्तीस मेंढ्या मला तोंडावरून ओळखू यायच्या.

मी चौदा वर्षांची होते त्या श्रावणात पावसानं ओढ दिली. पेरणीपुरता आला आणि गेला. आमच्या पट्टीतली ज्वारी गुडघ्याला लागली आणि तिथंच थांबली, पानं सुरळी होऊन निळसर पडली. अशी खुरटलेली ज्वारी जनावराला विष असते. आमच्याकडं त्याला किराळ लागणं म्हणतात. आबांनी मला हाताला धरून ती पट्टी दाखवली होती. म्हणाले, "गोदे, हिच्याकडं एक बी मेंढी फिरकू द्यायची न्हाई. घास दोन घास गेले तरी जनावर हाती लागत न्हाई, बघ." मी मान हलवली. मला ते पक्कं माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं पुष्कळांनी मला सांत्वन म्हणून 'लेकरू व्हतीस, तुला काय कळतंय' असं म्हटलं. मला कळत होतं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दादा आत्याला आणायला गेले. आत्या राजूरकडच्या एका गावात दिलेली, दोन एसट्या बदलून जावं लागायचं; पंचमीला संध्याकाळपर्यंत येऊ म्हणाले. आबांना ताप होता, ते घोंगडी घेऊन पडवीत पडून होते. पंचमीच्या सकाळी मायनं ज्वारीच्या लाह्या फोडल्या, मडक्यात तडतड तडतड, रंगा उडालेल्या लाह्या अंगणभर वेचत होता. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. मला म्हणाली, "दुपारपतोर चारून आण आन् जल्दी ये. दिंडं गरम खा." मी एकटीच मेंढ्या घेऊन निघाले. एकटी जायची ती काही पहिली वेळ नव्हती.

आमच्या पट्टीच्या पलीकडं, शेतांच्या बांधावर एक जुना लिंब होता. गावातल्या पोरींनी त्याला झोका बांधला होता. मेंढ्या मी ओढ्याच्या पात्रात चारत होते आणि पोरींचा आवाज वर येत होता. त्यातली एक माझी चौथीपर्यंतची जोडीदारीण. तिनं मला पाहिलं आणि हाका मारायला लागली. मी मेंढ्यांकडं पाहिलं. सगळ्या माना घालून चरत होत्या. म्हटलं, दोन झोके घेऊ आणि येऊ. झोक्यावर उभं राहून दोघींनी समोरासमोर घ्यायचा, तसा आम्ही घेतला. झोका वर गेला की लिंबाचा शेंडा पायाला लागतो की काय असं वाटायचं. दोनाचे किती झाले मला माहीत नाही. पोरी गात होत्या, मीही गात होते. वर गेलेल्या झोक्यावरूनच मला आमची ज्वारीची पट्टी दिसली, आणि त्या निळसर पानांत पांढऱ्या-काळ्या पाठी दिसल्या.

कुंपणाला एका जागी भगदाड होतं, तिथून त्या आत शिरल्या होत्या. मी पोचले तेव्हा पुढच्या सात-आठ खाली पडल्या होत्या. तोंडाला फेस, पाय झाडत होत्या. बाकीच्या उभ्या होत्या, पण श्वास असा चालला होता की बरगड्या मोजता याव्यात. मी ओरडत, दगड मारत त्यांना बाहेर काढलं, आणि बाहेर काढलेल्या माझ्यासमोर एकेक करून गुडघ्यांवर बसल्या. पोरी आमच्या घराकडं पळाल्या. थोड्या वेळानं आबा आले, अंगात ताप, पायांत वहाणा नाहीत, मागं माय गुळाच्या पाण्याची कळशी घेऊन. त्यांनी मला काही विचारलं नाही. "तोंड वर धर," एवढंच म्हणाले. मी तोंड धरायची, आबा पोकळ शिंगानं गुळाचं पाणी पाजायचे, आणि तोवर शेजारची जायची. चार वाचल्या. ज्या मागं राहिल्या होत्या, ज्यांना घास मिळाला नव्हता, त्या चार. बत्तीस मेंढ्या आणि एडका, तासाभरात.

संध्याकाळी, नेहमीच्या वेळी, कोकरं ओरडायला लागली.

ते मी आजही नीट लिहू शकत नाही. एकवीस कोकरं वाडग्याच्या फाटकाला तोंडं लावून ओढ्याकडं बघत ओरडत होती. ती घंटीची वाट पाहत होती. अशात दादा आणि आत्या उतारावरून वर आले. आत्याच्या हातात रंगासाठी पिपाणी होती. दादांनी वाडग्याकडं पाहिलं, मोकळ्या अंगणाकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "किराळ लागलं." दादांनी विचारलं, "कुठं?" आणि आबांनी हात केला तसे ते पट्टीकडं चालायला लागले. मला वाटलं होतं, ते मला मारतील. मी मनाची तयारी करून खांबाला टेकून उभी होते. ते माझ्या अंगावरून गेले, पण माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी गावातली माणसं आली, मोठा खड्डा खणला, सगळं झालं. आणि त्यानंतरचे दिवस सुरू झाले.

मी पुढं अंबडजवळच्या एका गावात अंगणवाडीत सव्वीस वर्षं काम केलं. तिथं आम्हाला एकदा प्रशिक्षणात ताणतणाव म्हणजे काय ते शिकवलं. शिकवणारी मुलगी हुशार होती, फळ्यावर चित्रं काढून सांगत होती. मी ऐकत होते आणि मला आमचं ते घर दिसत होतं. आमच्या घरात त्याला घोर म्हणायचे, जिवाला घोर लागला म्हणायचे. आणि तो एकच घोर घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला वेगळ्या रूपात आला होता. जो तो आपल्या वयाला झेपेल तसा त्याला तोंड देत होता, आणि कुणीच कुणाला शिकवलेलं नव्हतं.

रंगानं ओढ्यातून गोटे वेचून आणले. पांढरे, काळे, ठिपक्यांचे. रोज सकाळी तो ते अंगणात मांडायचा, हाकलत हाकलत कोपऱ्यापर्यंत न्यायचा, आणि मग एकेक गोटा आडवा करायचा. "ही मेली. ही बी मेली." सगळे आडवे झाले की थोडा वेळ बसायचा, मग लाह्यांच्या टोपलीतून खोटं खोटं गुळाचं पाणी पाजून एकेक उभा करायचा. "उठली." पहिल्या दिवशी मी त्याच्या अंगावर धावून गेले. आबांनी मला अडवलं. म्हणाले, "खेळू दे. त्याला तेवढंच येतंय." तीन आठवड्यांनी एके दिवशी त्यानं सगळे गोटे उभेच ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी ते खेळायचं विसरला.

माय बोलायची थांबली नाही, उलट वाढली. सगळं घर तिनं पुन्हा सारवलं, भांडी राखेनं घासून घासून पातळ केली. पण दुपारी, सगळ्यांची जेवणं झाली की ती मोकळी घागर घेऊन ओढ्यात उतरायची. एकदा मी मागं गेले. ओढ्याच्या वळणावर खडकाआड बसून ती मोठ्यानं, गळा काढून रडत होती. मी खडकाजवळच थांबले. थोड्या वेळानं तिनं वाळूत उकरलेल्या झऱ्यातल्या पाण्यानं तोंड धुतलं, पदरानं पुसलं, घागर भरली आणि वर आली. मला पाहून दचकली नाही. म्हणाली, "झालं माझं. चल, कोकरांना पाणी दाखवू." रोज ती तसंच करायची, पाणी आणायला जावं तसं रडायला जायची. घरात मात्र आम्ही तिचा एक हुंदका ऐकला नाही.

आत्या चार दिवसांसाठी आली होती, ती दोन महिने राहिली. तिचं तिच्या घरी काही सुखाचं चाललेलं नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की ही बाई सुतकी घरातसुद्धा हसवते. आबांची नक्कल करायची, एसटीतल्या कंडक्टरची करायची. एकदा दादांच्या ताटात भाकरी वाढताना म्हणाली, "वैनी, दादाला दुसरी वाढायची का, तेवढं त्यानं तोंडानं सांगितलं तरी आमाला पंचमी घडली म्हनायचं." माय हसली. आबा हसले. दादा ताटावरून उठले नाहीत, पण हसलेही नाहीत.

दादा रोज पहाटे त्या पट्टीत जात आणि ज्वारी उपटत. वखर घातला असता तर दोन दिवसांत सगळी साफ झाली असती. ते हातानं, एकेक ताट मुळासकट उपटत. तळहात सोलले तरी थांबले नाहीत. माझ्याशी एक शब्द बोलत नव्हते. मी पाणी घेऊन गेले तर तांब्या घ्यायचे, प्यायचे, जमिनीकडं बघत परत द्यायचे. मला वाटायचं, ते जे उपटतायत ती ज्वारी नाहीच, ती मीच आहे. माझ्या घशाखाली भाकरी उतरत नव्हती. मी कोकरांत जाऊन बसायची, त्यांच्यातच झोपायची.

आणि आबा. ताप उतरला तसे ते उठले आणि कामाला लागले, जणू काल काही झालंच नाही. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. एवढं होऊन यांना काहीच कसं नाही? वाचलेल्या चार मेंढ्या आणि घरच्या दोन शेळ्या यांच्या दुधावर ते एकवीस कोकरं वाढवायला बघत होते. शेळी परक्या कोकराला लाथ मारते. आबा शेळीचंच दूध काढून कोकराच्या शेपटाला चोळायचे, वर मिठाचे चार खडे फिरवायचे. शेळी खारट म्हणून चाटायची, आपलाच वास आला म्हणून थांबायची. तेवढ्यात कोकरू खाली लावायचं. "तिला फसवायचं न्हाई," आबा मला म्हणाले, "तिला वेळ द्यायचा. तिचं तिलाच वाटलं पायजे, की हे आपलं हाय." पण दूध पुरत नव्हतं. पहिल्या आठवड्यात तीन कोकरं गेली. तिसरं माझ्या मांडीवर गेलं.

त्या दिवशी मायनं दादांना म्हटलं, "गावात घरटी शेळ्या हायेत. एकेक कोकरू एकेका घरी लावू. महिन्याचाच सवाल हाय."

दादा त्या आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. "कुनाच्या दारात जायचं न्हाई."

माय गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला माहीत नव्हतं, म्हणून मला वाटलं, संपलं. दादा पट्टीकडं गेले. त्यांची पाठ बांधाआड होताच माय उठली, तिनं वाडग्यातून सगळ्यांत अशक्त कोकरू उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "चल."

"दादा न्हाई म्हनले ना?"

"त्येंला जमत न्हाई, म्हणून ते न्हाई म्हनले. आपल्याला जमतंय. चल."

गावाच्या वेशीत शिरताना मी कोकरू छातीशी घट्ट धरलं. पारावर माणसं बसली होती. त्यातला एक म्हातारा, लांबचा भावकीतलाच, दुसऱ्याला म्हणाला, अगदी ऐकू येईल असं, "हीच का ती, झोका खेळत बसली ती? मेंढ्या मारल्या ती?"

मी जागच्या जागी थांबले. मायही थांबली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्यांच्याकडं वळून सांगितलं, "हो मामंजी, हीच ती. आन् आता कोकरं जगवनारी बी हीच. तुमच्या घरची शेळी विली ना औंदा? एक तुमच्याकडं लावते. सांजच्याला पोरगी यील."

म्हाताऱ्याला नाही म्हणता आलं नाही.

पण आम्ही आधी शरीफाचाचीकडं गेलो. गावात सगळ्यांत जास्त शेळ्या तिच्याकडं होत्या, आणि सगळ्यांत तिखट जीभही तिचीच होती. मायनं सगळं सांगितलं. चाची ऐकताना एका शेळीची खुरं साफ करत होती, वरसुद्धा बघितलं नाही. मग हात पुसले आणि मला म्हणाली, "ला इधर उस्कू." मी कोकरू तिच्या हातात दिलं. तिनं त्याचं तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं. "इतका हलका? अरे अल्ला." मग मायला म्हणाली, "ये इकडंच राहील. पर मी त्याला धरत बसनार न्हाई, मला धा कामं हायेत. हिला बराबर टायमावर यायला सांग. सुबे आन् शाम. एक दिवस न्हाई आली तर घेऊन जायचं."

दहा घरांत दहा कोकरं राहिली, बाकीची आठ आबांपाशी, आणि सकाळ-संध्याकाळ त्या दहा घरांत मी. सकाळी अंधुक उजेडात निघायचं, पहिल्या घरी शेळी धरायची, दूध चोळायचं, मीठ फिरवायचं, कोकरू लावायचं, ते प्यायलं की पुढच्या घरी. पहिले तीन-चार दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रत्येक घरी कुणीतरी विचारायचं. बायका विचारायच्या, पोरं विचारायची, 'कसं झालं गं?' आणि मला दर वेळी सांगावं लागायचं. पहिल्या दिवशी अर्धंच सांगून थांबले. आठव्या दिवशी मी शेळीचा पाय धरता धरता सांगत होते. कुणीतरी त्यांच्या घरातली गोष्ट सांगायचं. एकीच्या हातून तान्हं लेकरू पडलं होतं, एकीनं म्हशीला चुकून काहीतरी खाऊ घातलं होतं. मला गाव असं कधी दिसलंच नव्हतं. वरून सगळी घरं धड दिसत होती, आणि आत प्रत्येकानं काही ना काही निस्तरलेलं होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी चाचीनं मला न विचारता भाकरीवर कारळ्याची चटणी ठेवून पुढं सरकवली. "खा पैले. तेरे हात काप रहे. बकरी घाबरती." शेळी घाबरू नये म्हणून मी खाल्लं.

दादांना किती दिवसांनी कळलं माहीत नाही. एके संध्याकाळी मी चाचीच्या अंगणात उकिडवी बसून कोकरू लावत होते आणि मला कुणीतरी बघतंय असं वाटलं. दादा फाटकात उभे होते. चाचीनंही पाहिलं आणि ती पुढच्या शेळीकडं वळली. ते थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. मी घरी जाताना पाय ओढत गेले. मायनं मला बघितलं आणि म्हणाली, "ठाऊक हाय त्येंला. जेव."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाहेर पडले तर दादा अंगणात वहाणा घालून उभे. म्हणाले, "वरल्या गल्लीतली पाच घरं मी बघतो. तू खालची करत जा." मला वाटलं, कानांचा भास झाला. आम्ही दोघं ओढ्यातून गावाकडं चालायला लागलो. मग ते, माझ्याकडं न बघता, बोलले.

"भगदाड आबांनी मला दाखवलं व्हतं. काटे लाव म्हनले. मी काटे तोडून बी ठेवलेले. एसटी चुकंल म्हणून तसाच गेल्तो. म्हन्लं, आल्यावर लावू."

मी चालायची थांबले.

"तुला काय तोंड दाखवायचं, म्हणून बोलत नव्हतो," ते म्हणाले. "तुझ्यावर राग न्हाई. बिलकुल न्हाई."

मी ओढ्याच्या मधोमध बसले आणि रडले. पंचमीपासून पहिल्यांदा. दादा शेजारी उभे राहिले. त्यांना जवळ घेणं वगैरे जमत नसे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, सोलून खडबडीत झालेला, आणि माझं होईपर्यंत तो तिथंच राहू दिला. मग म्हणाले, "कोकरं भुकेली असतील." आम्ही उठलो.

दसऱ्यापर्यंत कोकरं पाला खायला लागली. अठरातली पंधरा जगली. गावातली घरी आणली तेव्हा आठवडाभर आमच्या घरात नुसती धमाल होती. शेळ्यांच्या संगतीत वाढल्यामुळं त्यांना आपण मेंढ्या आहोत हे ठाऊकच नव्हतं. पाटावर चढायची, भिंतीवर उड्या मारायची. चाचीकडचं कोकरू आमची कुठलीच हाक ऐकत नसे. 'चल गे इधर' म्हटलं की धावत यायचं. आत्या तेव्हा परत आपल्या घरी निघाली होती. एसटीत चढताना मायला म्हणाली, "वैनी, माझं इथं लई बरं चाललं व्हतं." तेव्हा मी हसले. आता ते वाक्य आठवलं की तिच्या धाडसाचं नवल वाटतं, स्वतःच्या घरचं एवढं ओझं घेऊन ती आमचं हलकं करत होती.

आबांबद्दलचा माझा राग फार वर्षांनी गेला. मी तिशीची असताना माझा थोरला मुलगा तापात गेला. तेव्हा मी मायसारखं केलं. अंगणवाडी सुटली, मुलं घरी गेली, की दार लोटून रडायचे आणि मग हातपाय धुऊन घरी जायचे. ते मी ठरवून केलं नाही, ते आपोआप आलं. आता अडुसष्टावं चालू आहे. यजमान जाऊन दोन वर्षं झाली. रडू येत नाही असं नाही, पण सकाळी उठले की आधी नातीच्या डब्याचं बघावंसं वाटतं, तिची परीक्षा आहे, ती रात्री जेवली का हे बघावंसं वाटतं. सून एकदा म्हणाली, "आई, तुम्ही किती खंबीर आहात." मी तिला सांगू शकले नाही, की हे खंबीर असणं नाही. आबांनाही खूप वाटत होतं. एवढंच, की त्या वयात समोर जे जिवंत असतं त्याच्याकडं आधी नजर जाते.

पुढच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगून हे प्रकरण संपवते. पलीकडच्या वस्तीवर एका घरी नवी सून आली होती, सोळा-सतरा वर्षांची. तिनं चुलीतली राख उकिरड्यावर टाकली, राखेत विस्तव होता, आणि वाऱ्यानं तो कडब्याच्या गंजीवर नेला. बैलजोडीची पुऱ्या उन्हाळ्याची वैरण दुपारभरात जळून गेली. आम्ही धूर पाहिला. विझवायला सगळे धावले, पण उपयोग झाला नाही. संध्याकाळी दादा मला म्हणाले, "चल. मी त्येंच्या म्हाताऱ्यापाशी बसतो. तू त्या सुनंकडं जा."

अंगणात माणसांची गर्दी होती, सगळी म्हाताऱ्या सासऱ्याभोवती. सून गोठ्याच्या मागं, भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिच्याजवळ कुणीच नव्हतं. मी शेजारी जाऊन बसले. माझ्याहून ती दोन वर्षांनी मोठी, मंगळसूत्र घातलेली. मी विचारलं, "जेवलीस का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, "माझ्यामुळं झालं."

"हो," मी म्हटलं. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. आत्तापर्यंत सगळे तिला एकतर शिव्या देऊन गेले होते, नाहीतर तुझी काय चूक म्हणून गेले होते. "बैलांनी सांजचं खाल्लंय का?"

"काय खातील? काही राह्यलंच न्हाई."

"मंग ऊठ. कोनाकडं पेंढ्या हायेत ते बघू. मी येते संगं."

तिनं डोळे पुसले. मग उठली, लुगडं झटकलं, डोक्यावरून पदर घेतला. दादांनी आम्हाला जाताना पाहिलं आणि म्हाताऱ्याचं बोलणं तसंच पुढं चालू ठेवलं. पहिल्या दारात ती उंबऱ्याबाहेर खाली मान घालून उभी राहिली, मी बोलले. त्यांनी पाच पेंढ्या दिल्या. दुसऱ्या दारातही मीच बोलले. तिसऱ्या दारात घरधनीण बाहेर आली आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुनेनं माझा दंड धरून मला मागं केलं. "मी त्या जळल्या गंजीच्या घरची सून," ती म्हणाली. "विस्तव माझ्या हातून गेला. आमच्या बैलांसाठी दोन पेंढ्या मागायला आले."

मी मागं उभी राहिले.